बंद देशातील उपासमार आणि बाहेरून जाऊ इच्छिणारा स्वयंसेवक

प्रश्न विचारणारे गृहस्थ सव्वीस वर्षांचे आहेत, नाशिकला पाणीपुरवठ्याची कामे करणाऱ्या एका कंपनीत अभियंता आहेत आणि उत्तर कोरियातील उपासमारीविषयी वाचून अस्वस्थ झाले आहेत. त्यांना तीन महिन्यांची बिनपगारी रजा मिळू शकते. तेवढ्या काळासाठी तिथे स्वयंसेवक म्हणून जाता येईल का, जाता येत असेल तर अर्ज कोणाकडे करावा, आणि दिलेले अन्न भुकेल्या माणसाच्या पोटात जाते की सैन्याच्या कोठारात, हे कसे ओळखावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 साली चीनला गेले, मग आज आपल्याला का जाता येऊ नये, असेही त्यांनी लिहिले आहे. दुष्काळ आणि पोषण या क्षेत्रात माझी तीस वर्षे गेली. त्यांतला काही काळ मी 1990 च्या दशकाच्या अखेरीस एका परदेशी मदतसंस्थेच्या वतीने त्याच देशात काढला आहे, म्हणून उत्तर विस्ताराने देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे आपण त्या आशेवर रजेचा अर्ज करणार नाही. तीन महिन्यांसाठी, स्वतःच्या इच्छेने, स्वयंसेवक म्हणून उत्तर कोरियात जाऊन अन्नवाटप करता येत नाही. उपासमार ऐन भरात होती त्या काळातही ते शक्य नव्हते. त्या देशात कोणत्या संस्थेची किती माणसे राहतील, त्यांची नावे कोणती, ती कोणत्या जिल्ह्यात फिरतील आणि त्यांच्यासोबत कोण असेल, हे सारे तिथले सरकार ठरवीत असे. एका माणसाच्या परवानगीसाठी संस्थेला महिनोन्‌महिने वाटाघाटी कराव्या लागत, त्यामुळे मिळालेली जागा तीन महिन्यांत परतणाऱ्या माणसाला देणे कोणत्याही संस्थेला परवडत नसे. डॉ. कोटणीसांचे उदाहरण आपण दिले आहे ते मोलाचेच आहे, पण त्यातील दोन गोष्टी नजरेआड होऊ देऊ नका. पाच डॉक्टरांच्या त्या पथकाला चीनकडून बोलावणे आले होते, आणि ते पाचही जण वैद्यकीचे शिक्षण पुरे करून गेले होते.

आता ही उपासमार कशी आली ते थोडे समजून घ्या, कारण त्यावाचून मदतीचे स्वरूप कळत नाही. तिथले सरकार सगळा दोष 1995 च्या पुराला देत असे. पूर खराच होता. 1995 च्या जुलै-ऑगस्टमध्ये तो आला, 1996 मध्ये पुन्हा आला आणि 1997 मध्ये पाऊस दडी मारून बसला. परंतु आपण अभियंता आहात, त्यामुळे त्यामागची साखळी आपल्या चटकन ध्यानात येईल. तो देश बहुतांशी डोंगराळ आहे, लागवडीची जमीन एकूण भूभागाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आणि हिवाळा कडाक्याचा. अशा ठिकाणी धान्याची स्वयंपूर्णता साधायची म्हणून त्यांनी शेती रासायनिक खते, विजेचे पंप आणि ट्रॅक्टर यांच्या आधारावर उभी केली होती आणि त्यासाठी लागणारे तेल व सुटे भाग सोव्हिएत संघाकडून सवलतीत घेतले होते. 1991 च्या सुमारास मॉस्कोने रोख परकीय चलन मागायला सुरुवात केली आणि पाठोपाठ सोव्हिएत संघच मोडला. तेल घटले तशी वीज घटली, खताचे कारखाने थंडावले, पंप थांबले, खाणींत पाणी साचले, कोळसा निघेनासा झाला आणि कोळसा नाही म्हणून वीज आणखी घटली. 'दिवसातून दोनदाच जेवू या' ही सरकारी मोहीम 1991 सालची आहे, म्हणजे पुराच्या चार वर्षे आधीची.

शहरी माणसाला दर पंधरवड्याला सरकारी शिधा मिळत असे. साधारण कामगाराला दिवसाला 700 ग्रॅम धान्य, खाणीसारख्या जड कामाला अधिक, मुलांना आणि वृद्धांना कमी, असे ते प्रमाण कागदावर होते. कपात होत होत 1994 पासून ईशान्येकडील हामग्योंग प्रांतांत तो शिधा जवळजवळ बंद पडला. चोंगजिन आणि हामहुंग ही तिकडची कारखान्यांची शहरे आहेत. कारखाने बंद, पायाखाली शेत नाही आणि उघडपणे धान्य विकत घ्यावे तर त्याला मनाई, अशा कोंडीत तिथली माणसे सापडली. 1996 मध्ये शेतकऱ्यांचा वार्षिक वाटा माणशी 167 किलोंवरून 107 किलोंवर आणला गेला, तेव्हा शेतकऱ्यांनी मक्याची कणसे कोवळी असतानाच खुडून लपवली. त्यात त्यांची चूक होती असे मला कधीच वाटले नाही. शहरांचा शिधा मात्र त्यामुळे आणखी आटला.

या काळात किती माणसे गेली याचे अंदाज अडीच लाखांपासून तीस लाखांपर्यंत पसरलेले आहेत. लोकसंख्येच्या अभ्यासकांत 6 ते 10 लाख हा अंदाज अधिक धरला जातो. दोन टोकांत एवढे अंतर आहे यावरूनच 'बंद देश' म्हणजे काय ते कळावे. माझे लहानपण माणदेशात गेले. 1972 च्या दुष्काळात वडील खडी फोडायच्या कामावर होते आणि घरात मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, शिजत होती. तिची भाकरी धड होत नाही म्हणून आई रोज बोलायची. 1973 च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. हजेरीपट सरकारी होते, पण त्यांवरचे आकडे वर्तमानपत्रांत छापून येत, त्यावरून विधानसभेत भांडणे होत आणि मजुरी थकली की माणसे तहसील कचेरीवर जाऊन बसत. चोंगजिनमधल्या माणसाला बसायला अशी कचेरी नव्हती. त्याच्या शेजारच्या घरात कोण वारले हे त्याला माहीत असे, पण पलीकडच्या जिल्ह्यात काय चालले आहे ते कळायला मार्ग नव्हता, कारण एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायलाही परवाना लागे.

म्हणून आपला तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बंद देशात बाहेरून गेलेल्या माणसाचे खरे काम वाटपाचे नसते. पोती उचलायला, अन्न शिजवायला, मुलांना भरवायला तिथे माणसे असतात आणि ती आपल्याहून चांगले काम करतात. बाहेरच्याने करायचे ते एवढेच की अन्न कुठवर गेले ते डोळ्यांनी पाहायचे, नोंदवायचे आणि ती नोंद करताना आतल्या कोणाचे नुकसान होऊ द्यायचे नाही. यातला शेवटचा भाग सर्वांत अवघड आहे आणि तो मला उशिरा समजला.

संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचे काम तिथे 1995 च्या अखेरीस सुरू झाले. पुढच्या दहा वर्षांत त्यांच्यामार्फत सुमारे 40 लाख टन अन्न देशात गेले आणि ऐन भरात लोकसंख्येच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याला ते पुरवले जात होते. नाम्पो, हुंगनाम आणि चोंगजिन या बंदरांवर जहाजे लागत. आमच्याशी व्यवहार करायला सरकारने 'पूरहानी पुनर्वसन समिती' नेमली होती आणि दुभाषे तिचेच असत. कोरियन भाषा येणारा परदेशी कर्मचारी त्यांना त्या काळात चालत नसे. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या बालगृहात किंवा दवाखान्यात जायचे ते आधी कळवावे लागे. वाटेत गाडी थांबवून एखाद्या घरात डोकावणे अशक्य होते. ज्या जिल्ह्यांत आम्हाला जाऊ दिले जात नाही तिथे आमचे अन्नही जाणार नाही, हा नियम अन्न कार्यक्रमाने धरून ठेवला आणि त्यामुळे हळूहळू बरेच जिल्हे उघडले. मदत मिळणाऱ्या सर्व बालगृहांची आणि शाळांची पूर्ण यादी मात्र वारंवार मागूनही हाती आली नाही.

अशा बंधनांत पाहणारा काय पाहतो? बाजार समितीतला मापाडी जे रोज करतो तेच. बंदरावरून निघालेल्या पोत्यांची बिल्टी, म्हणजे मालासोबतची पावती, आणि गोदामातील आवक-जावक वही जुळवायची. पोत्याची शिवण पाहायची, कारण कारखान्यातली शिवण यंत्राची आणि सारख्या टाक्याची असते, तर मध्येच उघडलेले पोते पुन्हा शिवले असेल तर दाभणाचा टाका आणि वेगळी सुतळी लगेच कळते. मग स्वयंपाकघरात जायचे. दोनशे मुलांचे बालगृह आहे असे सांगितले असेल तर भांडे तेवढ्या मापाचे आहे का, चुलीजवळ सरपण किती आहे, राखेचा थर ताजा आहे का, हे पाहिले की दुभाष्याला न विचारताही पुष्कळ कळते. सरपण नसेल तर मका भिजवूनच दिला जात असणार, आणि अर्धवट शिजलेला मका लहान मुलाच्या पोटात टिकत नाही. अन्न पोहोचले, पण मुलाला लागले नाही, असे मी अनेक ठिकाणी पाहिले.

चोरीविषयी माझे मत वर्तमानपत्रांतून जे वाचायला मिळते त्याहून थोडे वेगळे आहे. बाजारात मदतीचे चिन्ह असलेले पोते दिसले की ते चोरीचा पुरावा म्हणून दाखवले जाते. पण तिथे रिकाम्या पोत्यालाही किंमत होती. त्यात कोळसा भरत, कोबी भरत, पावसात ते डोक्यावर घेत. निव्वळ पोत्यावरून काहीच सिद्ध होत नाही. थोडीफार चोरी झालीच असणार आणि सैन्याला देशातल्या पिकावर पहिला हक्क होता, हेही खरे आहे. पण मोठी पळवाट बिल्टीवर दिसणारी नव्हती. बाहेरून मदत वाढत गेली तसतशी त्या सरकारने स्वतःच्या पैशाने करायची धान्याची आयात घटवली. आपण बालगृहात दिलेला मका खराच त्या मुलाच्या वाडग्यात गेला, परंतु त्या मुलासाठी सरकारने जो खर्च करायचा तो दुसरीकडे वळला. ही गोष्ट कोणताही गोदाम-निरीक्षक पकडू शकत नाही. ती देशाच्या व्यापाराचे आकडे घेऊन बसणाऱ्या अर्थतज्ज्ञालाच दिसते. म्हणून 'मदत पोहोचते का' या एका प्रश्नाचे दोन प्रश्न करा आणि दोन्हींची उत्तरे वेगवेगळ्या माणसांकडून घ्या.

मुलांच्या बाबतीत एक मोजमाप असे होते की ते लपवणे कोणालाच शक्य नव्हते. 1998 च्या शरद ऋतूत संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी युरोपीय संघाच्या साहाय्याने आणि तिथल्या सरकारसोबत सुमारे 1,800 मुलांची उंची व वजने घेतली. प्रवेश नसलेले जिल्हे त्यात नव्हते, तरीही सात वर्षांखालील 62 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि 16 टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आढळली. कृशता अलीकडच्या उपासमारीची खूण असते, पण खुजेपणा वर्षानुवर्षांच्या अर्धपोटाचा असतो. 1995 च्या पुराने पाच वर्षांच्या मुलाची उंची तेवढी खुंटत नाही, म्हणजे सरकार काहीही म्हणो, भूक पुराच्या आधीची आहे हे त्या आकड्यांनी सांगितले. 2002 मध्ये पुन्हा मोजणी झाली तेव्हा हेच प्रमाण अनुक्रमे 39 आणि 8 टक्क्यांच्या आसपास आले. दोन्ही मोजण्या तंतोतंत सारख्या पद्धतीच्या नव्हत्या, परंतु सुधारणा झाली होती यात मला शंका नाही.

आता एक प्रसंग सांगतो. तो सांगावा की नाही याचा मी पुष्कळ विचार केला आणि गावाचे नाव आजही लिहीत नाही. ईशान्येकडील एका बालगृहात आम्ही जानेवारीत गेलो होतो. तिकडे घराची फरशी खालून तापवायची पद्धत आहे, पण त्या दिवशी ती गार होती. मुले दोन ओळींत भिंतीला टेकून बसली होती आणि एवढ्या मुलांच्या खोलीत आवाज नव्हता. त्यांतला एक मुलगा मला दोन वर्षांचा वाटला, नोंदवहीत त्याचे वय साडेचार होते. उंची मोजायला आम्ही लाकडी फळी नेली होती. तिथल्या सेविकेने मुलाला तिच्यावर झोपवण्याआधी आपले दोन्ही तळहात फळीवर बराच वेळ घासले, फळी थोडी उबदार केली आणि मगच मुलाला ठेवले. प्रत्येक मुलासाठी तिने हेच केले. काम संपल्यावर मी दुभाष्याकडून तिला विचारले की गेल्या हिवाळ्यात या वर्गातली किती मुले राहिली नाहीत. ती दाराशी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याकडे पाहू लागली. मग माझ्याकडे पाहून तिने हाताची चार बोटे मिटली.

पुढच्या भेटीत ती तिथे नव्हती. तिची बदली झाली असे मला सांगण्यात आले. ते खरेही असेल, पण मला ते कधी कळले नाही आणि विचारण्याचे धैर्यही उरले नव्हते. तो आकडा मला अहवालासाठी हवा होता. अहवालात तो नसता तरी काही बिघडले नसते, कारण मुलांच्या उंचीतच ते सारे लिहिलेले होते. ज्या प्रश्नाच्या उत्तराची किंमत उत्तर देणाऱ्याला मोजावी लागेल तो प्रश्न विचारायचा नाही, हा नियम मी त्यानंतर पाळला आणि माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी तोच शिकवला. छायाचित्रांचेही तसेच आहे. परत आल्यावर आपण व्याख्यान देतो, मुलाखत देतो, आपले कौतुक होते; ज्याचा चेहरा त्या छायाचित्रात असतो तो तिथेच राहतो.

काही संस्थांनी असे काम करणेच नाकारले. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही संस्था 1998 च्या सप्टेंबरमध्ये बाहेर पडली, 'ॲक्शन अगेन्स्ट हंगर' 2000 च्या मार्चमध्ये आणि त्याच सुमारास ऑक्सफॅम व केअर याही बाहेर पडल्या. सर्वांत हलाखीतली मुले सरकारी बालगृहांत नाहीतच, ती रस्त्यावर आहेत आणि आम्हाला त्यांच्यापर्यंत जाऊ दिले जात नाही, हे त्यांचे म्हणणे होते. रेल्वे स्थानकांवर दाणे वेचत फिरणाऱ्या त्या मुलांना तिकडे 'कोत्जेबी' म्हणत. त्या संस्थांचे म्हणणे खरे होते. तरीही राहणाऱ्यांनी राहायला हवे होते असे माझे मत आहे, कारण बालगृहातले मूलही भुकेलेच होते आणि 1998 आणि 2002 ची मोजणी आत माणसे होती म्हणूनच झाली. मात्र आत राहण्यासाठी ज्यांनी बाहेर येऊन सगळे ठीक असल्याचे सांगितले त्यांना मी माफ करू शकत नाही. राहायचे असेल तर जे पाहिले नाही ते 'पाहिले नाही' असे लेखी नोंदवलेच पाहिजे.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण आपल्या निर्णयाला त्याचा उपयोग आहे. 2005 मध्ये त्या सरकारने आपत्कालीन अन्नमदत थांबवायला सांगितले आणि अन्न कार्यक्रमाला काम पुष्कळ आवरते घ्यावे लागले. 2009 च्या मार्चमध्ये अन्नवाटप करणाऱ्या अमेरिकी संस्थांना देश सोडायला सांगण्यात आले. 2017 च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 2397 क्रमांकाचा ठराव केला आणि धातूच्या वस्तू तिथे नेण्यावर बंदी आली, त्यामुळे पंपाच्या सुट्या भागांपासून स्वच्छतेच्या पुडक्यातल्या नखे कापायच्या साधनापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी परिषदेच्या निर्बंध समितीची आगाऊ सूट मागावी लागू लागली. भारतानेही 2017 च्या एप्रिलमध्ये अन्न आणि औषधे वगळता त्या देशाशी होणारा व्यापार थांबवला. 2020 च्या जानेवारीत महासाथीमुळे त्यांनी सीमा बंद केल्या आणि 2021 च्या मार्चपर्यंत संयुक्त राष्ट्रांचे शेवटचे परदेशी कर्मचारीही बाहेर आले. भारताचा तिथल्या राजधानीतील, प्योंगयांगमधील दूतावास 2021 च्या जुलैमध्ये रिकामा झाला आणि 2024 च्या डिसेंबरमध्ये पुन्हा सुरू झाला. दरम्यान 2020 मध्ये भारताने जागतिक आरोग्य संघटनेच्या विनंतीवरून सुमारे 10 लाख डॉलरची क्षयरोगावरील औषधे तिथे पाठवली होती. सरकार ते सरकार अशी ती मदत होती आणि तिच्यासोबत स्वयंसेवक गेले नव्हते.

काही जण पर्यटक म्हणून आत शिरून किंवा चीनच्या बाजूने, तुमेन आणि यालू नद्यांच्या काठी जाऊन मदत करण्याचा सल्ला देतील. तो ऐकू नका. पर्यटक म्हणून गेलेल्या एका अमेरिकी विद्यार्थ्याला 2016 मध्ये 15 वर्षांची शिक्षा झाली आणि 2017 मध्ये त्याला बेशुद्धावस्थेत घरी पाठवल्यावर काही दिवसांत तो वारला. चीन नदी ओलांडून आलेल्यांना निर्वासित मानत नाही, त्यांना परत पाठवतो आणि त्यांना आसरा देणाऱ्यांना तुरुंगात टाकतो. आपण पकडले गेलात तर दूतावास आपल्यासाठी धावेल, पण ज्याच्या घरात आपण पकडले गेलात त्याच्यासाठी कोणी धावणार नाही.

आता आपण काय करू शकता ते सांगतो, आणि इथे मला आपल्या पत्रातली एक ओळ फार आवडली. आपण डोंगरावरचा झरा बांधून, पंपाशिवाय, उतारावरून पाणी गावात आणण्याच्या योजनांवर काम केले आहे, असे लिहिले आहे. वीज नसलेल्या उत्तर कोरियातील गावांत मदतसंस्थांनी केलेल्या सर्वांत टिकाऊ कामांपैकी हे एक होते. बालगृहात अन्न पोहोचूनही मुले सावरत नव्हती, याचे एक मोठे कारण दूषित पाण्याने होणारी हगवण हे होते. नळाला चोवीस तास पाणी आले की तोच मका मुलाच्या अंगी लागतो. हे कौशल्य आपण अन्नवाटपाहून कमी लेखू नका. ते पुरते पक्के करा, त्यात पाच-सात वर्षांचा अनुभव घ्या, त्याच्या जोडीला पाण्याची तपासणी, धान्यसाठवणुकीतील आर्द्रता आणि बुरशी यांचे ज्ञान मिळवा. मग युनिसेफसारख्या संस्थेच्या किंवा पाणी-स्वच्छतेचे काम करणाऱ्या परदेशी संस्थेच्या पदासाठी अर्ज करा, आणि पहिली नेमणूक जिथे मिळेल तिथे जा. बंद देशातल्या जागा अशा फिरून आलेल्या माणसांनाच मिळतात.

कोरियन शिकायचे असेल तर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तिचे रीतसर शिक्षण मिळते. दक्षिण कोरियात उत्तरेतून आलेली 34,000 हून अधिक माणसे पोहोचली आहेत आणि त्यांच्यातील तरुणांना महाविद्यालयात इंग्रजी जड जाते. सोलमध्ये त्यांना इंग्रजी शिकवायला स्वयंसेवक घेणाऱ्या संस्था आहेत. आपल्या तीन महिन्यांत या विषयाशी थेट जोडलेले असे काही करायचे असेल तर मला ठाऊक असलेला हा एकच प्रामाणिक मार्ग आहे. पर्यटक व्हिसावर असे काम चालते का, याची चौकशी मात्र आधी करा. तिथे गेल्यावर त्यांच्या गतकाळाविषयी आपण होऊन काही विचारू नका. त्यांचे आईवडील अजून पलीकडे असतात.

पैसे द्यायचे असतील तर अन्न कार्यक्रमाला किंवा युनिसेफला द्या आणि ते एखाद्या गावाच्या किंवा कामाच्या नावाने बांधून देऊ नका, कारण दार अचानक बंद होते तेव्हा बांधलेले पैसे अडकून पडतात. अहवाल वाचताना किती टन वाटले यापेक्षा किती भेटी नाकारल्या गेल्या हे लिहिले आहे का ते पाहा.

आणि रजा मिळणारच असेल तर, सोलला न जमल्यास, जून ते ऑगस्ट अशी घ्या आणि मेळघाटात धारणी किंवा चिखलदऱ्याला, नाहीतर नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे कुपोषणावर काम करणाऱ्या एखाद्या स्थानिक संस्थेबरोबर राहा. पावसाळ्यात घरातले धान्य संपत आलेले असते, हगवण वाढते, रस्ते तुटतात आणि मुले त्याच महिन्यांत दगावतात. अंगणवाडी सेविकेच्या हाताखाली राहून दंडघेराची पट्टी वापरायला शिका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात 115 मिलिमीटरपेक्षा कमी घेर म्हणजे तीव्र कुपोषण. पट्टी थोडी अधिक आवळली गेली तरी सुदृढ मूल यादीत येते आणि सैल राहिली तर आजारी मूल यादीतून सुटते. खंगलेल्या मुलाला पहिल्या दिवशी पोटभर जेवू घातले तर त्याचा जीव जाऊ शकतो, हेही सेविका आपल्याला समजावून सांगेल. पहिले पंधरा दिवस दुसरे काही करू नका, फक्त मोजा. एकाच मुलाची उंची दोनदा घ्या, फरक अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त आला तर तिसऱ्यांदा घ्या, आणि पावसाळी हवेत फळी गार असते, तेव्हा मुलाला तिच्यावर ठेवण्याआधी ती तळहातांनी घासून घ्या.